मिस विरुद्ध मिसेस

रियाधच्या आमच्या मराठी मंडळात महिलादिनी भाषण करायचा मान मला मिळाला, कारण बाकीच्या सगळ्या जेवणाच्या कमिटीत होत्या. विषय मीच निवडला: विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक इंग्रज टेनिसपटू. घोट्यापर्यंत झगा, आत पोट आवळणारी कॉर्सेट, आणि तरी चॅम्पियन. मी कॉलेजात टेनिस जिंकलेली, तेव्हा अधिकारवाणी आपोआप आली. विजेत्यांची नुसत्या आडनावांची यादी पाहून मी ठोकून दिलं, की या मिसनं ओळीनं दोनदा स्पर्धा जिंकली आणि मग कुण्या मिसेसनं तिची सद्दी संपवली. बिचारी पुन्हा यादीत दिसली नाही. बायका हळहळल्या.

घरी आल्यावर मुलीनं फोनवर शोधलं. "मम्मी, दे आर द सेम पर्सन. शी गॉट मॅरिड."

मला तोंड वर करवेना. पण माझं तरी काय वेगळं होतं? लग्नात नवऱ्यानं तांदळात अंगठीनं लिहून माझं पहिलं नावसुद्धा बदललं. आडनाव तर विचारायलाच नको. त्या इंग्रज बाईचं निदान अर्धं नाव शिल्लक राहिलं. आमच्या कॉलेजच्या फळ्यावरची विजेती मीच, हे मी सांगितल्याशिवाय आता कुणाला कळायचं नाही.

त्याच महिन्यात आम्ही राहतो त्या कंपाउंडच्या टेनिस स्पर्धेत महिला एकेरी मी जिंकले. चाळिशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा. अभिनंदनं नवऱ्यानं स्वीकारली. स्पर्धेच्या सेक्रेटरीला नावही त्यानंच दिलं होतं: मिसेस, सासरचं नाव, त्याचं आडनाव. मी म्हटलं, विजेत्यांच्या बोर्डावर मला माझं माहेरचं नाव हवंय.

"काय फरक पडतो? नाव घरातच राहतंय ना," तो म्हणाला.

फरक पडत नसेल तर बदलायला हरकत नाही, असं म्हणून मी रंगवायला निघालेला बोर्ड उचलला आणि बत्हाचा बाजार गाठला.

पेंटर रत्नागिरीकडचा, सरळ माणूस. मी नाव सांगितलं. त्यानं बोर्डाला लावलेली सेक्रेटरीची चिठ्ठी वाचली आणि ब्रश खाली ठेवला.

"ताई, जिंकलेली बाई दुसरी हाय. तिच्या जागी तुमचं नाव कसं लिवू?"

"ती मीच."

"मग कायतरी दाखवा."

मी इकामा, म्हणजे इथलं रहिवासी ओळखपत्र, काढून दिला. त्यानं तो सावकाश वाचला आणि मला परत केला.

"ह्याच्यावरपण तीच हाय," तो म्हणाला. "तिची सही घेऊन या."