दुसरा कान

बसमध्ये समोरच्या मुलीने आपला एक इअरफोन काढून शेजारच्या मैत्रिणीच्या कानात घातला. "ऐक ना, सध्या हेच चाललंय माझं." दोघी एकाच ठेक्यावर माना डोलवू लागल्या. आवडलेलं गाणं एकट्याला पुरत नाही, त्याला दुसरा कान लागतो.

माझा दुसरा कान म्हणजे माझी ताई. फोन उचलताच विचारायची, "सध्या काय ऐकतेस?" गेल्या वर्षी आजारपणात तिला ऐकू येणं पूर्ण थांबलं. परवा भेटले, तेव्हा सवयीने तिने तेच विचारलं. मी कागदावर लिहिलं, 'मारवा राग'. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली.

"कसा असतो गं तो? आठवतच नाही आता."

गुणगुणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.