बाटलीतली नासपती

अनू, इकडे ये, अ‍ॅशबर्नहून एवढा विमानप्रवास करून मी तुझ्या घरी आलेय ती काही पाहुणचाराला नाही. अशी जवळ बस, तो फोन पालथा ठेव, आणि मावशी जरा रागावणार आहे ते मुकाट्याने ऐकून घे. बाकीच्यांनी कान दिला तरी माझी हरकत नाही, तुझ्या आईचं लपवण्यासारखं काही नव्हतंच... तिचं सगळं उरकून तू पाचव्या दिवशी इकडे फ्रीमाँटला परत आलीस. अ‍ॅशबर्नच्या घराची किल्ली माझ्या हातात दिलीस, कपाटं आवरलीस, फ्रिजसुद्धा पुसलास. पण मागच्या अंगणात एकदाही डोकावली नाहीस. किचनच्या खिडकीतून नुसती मान वर करून बघितलं असतंस तरी पुरे होतं ग.

त्या दिवशी पहिला फोन मला हेल्गाने केला. हेल्गा म्हणजे विमलची, तुझ्या आईची, शेजारीण, ऐंशीच्या पुढची, जर्मनीतल्या कुठल्याशा डोंगराळ खेड्यातली, चार वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आलेली. विमल सकाळी सातला किचनचे पडदे वर करायची आणि पलीकडून हेल्गा कप उंचावून दाखवायची, हा दोघींचा नेम. जूनमधल्या त्या मंगळवारी साडेआठ वाजले तरी पडदे खालीच, म्हणून तिने मला कॉल केला. किल्ली घेऊन ये म्हणाली. मी दहा मिनिटांत पोचले... विमल झोपेतच गेली होती. उशाशी चष्मा, घडी घालून ठेवलेला. आपण उद्या उठणार आहोत अशा बेताने ठेवलेला.

चाळीस वर्षांची आमची मैत्री. ती वेंगुर्ल्याची, शिकलेली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. मी जेमतेम मॅट्रिक, लोकांची मुलं सांभाळणारी, त्यांतलीच एक तू. तुला आठवतं का बघ, आठ वर्षांची असशील. तुझ्या टीचरच्या घरी काचेच्या कपाटात तू एक बाटली पाहिलीस. आत पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात अख्खी नासपती, बाटलीच्या तोंडाच्या चौपट मोठी. घरी येऊन विचारलंस, ती आत गेली कशी? विमल डबल शिफ्ट करून आली होती. म्हणाली, मला नाही माहीत, आधी पाढे म्हण. मग मला विचारलंस. मी आपली ठोकून दिली, की नासपती आधी ठेवतात आणि भोवती बाटली बनवतात. तू आमच्या दोघींकडे असं काही बघितलंस... आणि इंग्लिशमध्ये 'नेव्हर माइंड' म्हणून वर निघून गेलीस. मी विसरूनही गेले. विमल विसरली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी हेल्गाने आम्हा दोघींना कॉफीला बोलावलं. तिच्या ओट्यावर तीच बाटली. म्हणजे तसलीच. विमल खुर्चीवर बसेचना, बाटलीसमोर उभी राहिली. हेल्गाने सांगितलं, ही फळांची ब्रँडी, त्यांच्याकडे श्नाप्स म्हणतात. तिच्या गावात प्रत्येक घरामागे दोन-चार झाडं. झाडाखाली पडलेली, डाग लागलेली फळंसुद्धा वाया घालवायची नाहीत, पिंपात कुस्करून आंबवायची आणि थंडीत गावच्या भट्टीवर नेऊन गाळून आणायची. साखर नाही, रंग नाही. सगळं फळ त्या वासात. विमल म्हणाली, म्हणजे आमच्याकडे काजूच्या बोंडांची करतात तशीच की. तिच्या आजोळी म्हणे फेणीची बाटली औषधाच्या फळीवर असायची, पोट दुखलं की चमचाभर. हेल्गाला काजूला बोंड असतं हेच ठाऊक नव्हतं. मग कागदावर चित्र काढून तिची शिकवणी झाली, कॉफी गेली गार होऊन.

हेल्गाने अंगठ्याएवढे तीन ग्लास भरले. मी विमलला कोपराने ढोसलं, "अगं, आज संकष्टी आहे."

"मग? उपासाला फळ चालतं."

आधी तिने नुसता वास घेतला, डोळे मिटून, लॅबमध्ये घेत असेल तसा. मग एक घोट. मीही जीभ लावली, खोटं कशाला सांगू. आधी सणसणीत जाळ, आणि तो ओसरला की घशातून पिकलेली नासपती वर येते, सालीसकट. मला एवढंच पुरलं. विमलने मात्र ग्लास खाली ठेवून पहिला प्रश्न विचारला, "ही आत गेली कशी?"

हेल्गा हसली. जात नाही म्हणाली. मे महिन्यात फळ सुपारीएवढं असतं, तेव्हाच डहाळीवर बाटली चढवून बांधायची. मग ते आतच वाढतं. विमल माझ्याबरोबर परत निघाली. घराच्या दारात थांबली आणि म्हणाली, "त्या दिवसानंतर पोरीने मला कधी काही विचारलंच नाही ग. सांगते सगळं, विचारत नाही."

त्या शनिवारी अंगणात नासपतीचं झाड आलं, चांगलं पुरुषभर उंचीचं. पुढच्या मे महिन्यात बाईसाहेबांनी बाटल्या टांगल्या, परकराच्या नाड्यांनी. तोंड वर ठेवलं, पावसाने बाटल्या भरल्या, फळं कुजली. हेल्गा कुंपणापलीकडून डोकं धरून बसली. वर सोसायटीचं पत्र, झाडांना बाटल्या टांगू नयेत. मी म्हटलं, विमल, भजनाच्या बायकांना सांगू का, तुझ्या झाडाला आता बाटल्या लागतात? सांग म्हणाली, म्हणावं बी हवं असेल तर या. गेल्या वर्षी तोंड खाली केलं तर उन्हात आतलं फळ शिजून निघालं. यंदा हेल्गाने जागा दाखवली, पानांच्या सावलीत, उत्तरेच्या अंगाला. एकच बाटली, आणि ती टिकली.

तुला तिने फोनवर सांगितलं होतं, ऑगस्टअखेर ये, काहीतरी दाखवायचंय. तू म्हणालीस, "आई, लेट मी चेक." तिने मला शपथ घातली, अनूला सांगायचं नाही, तिला बघून विचारू दे. म्हणून क्रियेच्या वेळीही मी तोंड दाबून बसले... चुकलंच माझं. आता शपथ मोडते, कारण परवा तुझ्या रिअल इस्टेट एजंटचा माणूस अंगण साफ करायला आला होता. घर लिस्टिंगला जायचंय, झाडावरचा कचरा काढू का, विचारत होता. त्याला मी चहा पाजून परत पाठवला. आजवर कुणाशी इतकं खोटं गोड बोलले नसेन. पण पुढच्या वेळी तो मी नसताना येईल.

रोज सकाळी सातला मी जाते आणि विमलच्या किचनचे पडदे वर करते. पलीकडून हेल्गा कप उंचावते. मग मागे जाऊन बघते. बाटलीला आतून जरा वाफ धरलेली असते. फळ आता मुठीएवढं झालंय, एका गालावर तांबूस. देठाशी अजून घट्ट आहे. नाडी विमलने बांधलेली, तिचीच दुहेरी गाठ. ती मला सोडवत नाही.

देठ कापायचा, बाटली धुवायची, आणि हेल्गाने जपून ठेवलेली ब्रँडी वरून ओतायची, एवढंच काम उरलंय. ते आम्ही दोघी म्हाताऱ्या करणार नाही. तुझं घर विकायचं ते खुशाल वीक, मी आड येत नाही. फक्त त्याआधी दोन दिवस काढून ये. त्या झाडाखाली उभी राहा आणि काय विचारायचं ते विचार, यावेळी मला उत्तर येतं. हेल्गा म्हणते तीन आठवडे, फार तर चार. किल्ली माझ्याकडेच आहे. लवकर ये ग.