तसबिरीमागची प्रशस्तिपत्रं

बाबांचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं, त्यासाठीचा तो अर्ज. हिंगोलीच्या कार्यालयातल्या बाईंनी बोट ठेवून दाखवलं, कला सादर केल्याचा पुरावा जोडलेला नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं. उभं आयुष्य भीमगीतांच्या गायन पार्टीत गायलेल्या माणसाकडं साधा एक कागद नसावा?

घरी येऊन मी बाबांवर तोंड सोडलं. सेनगाव तालुक्यातलं एकही गाव सोडलं नसेल त्यांनी. कुठं जयंती असो की नामकरण, पेटी घेऊन निघायचे, की दोन दोन दिवस घरी पत्ता नाही. सत्काराच्या शाली मायनं वाकळांना लावल्या होत्या. वाकळ काही अर्जाला जोडता येत नाही.

"अन् प्रशस्तिपत्रं? काचेच्या फ्रेमा होत्या ना आपल्याकडं?"

"व्हत्या," बाबा म्हणाले आणि खाली बघायला लागले.

माय हसायला लागली. तिनंच सांगितलं. घरकुल झालं तेव्हा नव्या भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर पाहिजे होती. कॅलेंडरावरची दोन चित्रं होती, फ्रेमा नव्हत्या. बाबांनी आपल्याच प्रशस्तिपत्रांवर ती चित्रं ठेवून काचा परत बसवल्या. पातळ कागदाला मागून आधार झाला म्हणे. असले उद्योग आमच्या बाबांनीच करावेत.

मी स्टूल ओढलं तर ते आडवे आले. "न्हाई. सोताचं नाव काढायला बुद्धाला उतरवू का मी? सरकार न्हाई म्हणलं तर म्हणू दे."

नुसता हट्ट असता तर मी भांडले असते. पण आवाज बसल्यापासून त्यांना कुणी बोलवत नव्हतं. आपण गात होतो हे कुणीतरी लिहून द्यावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. मानधनापेक्षाही तेच जास्त पाहिजे होतं, आणि तेच ते मागणार नव्हते.

"दर पौर्णिमेला पुसायला काढताच की तुमी," माय म्हणाली. "या बारीला चार दिस आधी काढा."

 बाबांनीच ओला फडका आणला, तसबिरी उतरवल्या, हात जोडले आणि मगच मागचे खिळे काढले. पहिलं प्रशस्तिपत्र ओल लागून पुठ्ठ्याला चिकटलं होतं, सोडवताना फाटलं. मी तर आशाच सोडली. दुसरं मात्र अख्खं निघालं. त्यांचं नाव, गाव, ग्रामपंचायतीचा गोल शिक्का, सगळं वाचता येत होतं. मला रडूच आलं. बाबा चित्रावरची धूळ पुसत बसले.

ते जोडून अर्ज दिला. पुढं निवड समितीनं त्यांना समक्ष बोलावलं आणि चार ओळी म्हणायला लावल्या. आवाज फाटला, ताल सुटला नाही. यादीत नाव आल्याचं कळलं तेव्हा मी एसटी स्टँडवर होते. फोनवर मायला इतक्या मोठ्यानं सांगितलं की लोक वळून बघायला लागले. बघेनात का! छातीवरचा धोंडा उतरला होता.

मानधनासाठी बँकेत खातं काढायला गेलो. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आला आणि माझा हात थांबला. पहिलीपासून कॉलेजपर्यंत वडिलांचा व्यवसाय मी 'मजुरी' लिहीत आले होते. ते खोटं नव्हतं, बाबा मजुरी करतच होते. पण ते गातात हे लिहायची मला लाज वाटायची. पोरी हसतील असं वाटायचं.

मी 'कलावंत' लिहिलं. बाबांनी फॉर्म ओढून घेतला आणि बराच वेळ वाचला.

"शाळेच्या फारमावर बी असंच लिहत व्हतीस का?"

"न्हाई बाबा."

"आता लिहलं नं," ते म्हणाले, आणि सहीसाठी पेन मागितलं.