खलबत्त्यातलं लोखंड

आमच्या ह्यांना कोळशानं खाल्लं, मी सरळ म्हणते. भालचंद्र त्यांचं नाव, गुडगावच्या एका औषध कंपनीत केमिस्ट. करोल बागेतल्या मेवेवाल्याकडून अक्रोडाच्या टरफलांची पोती आणायचे, भाजून त्यांचा कोळसा करायचे आणि कुटून रसायनात टाकायचे. त्यानं रसायन पटकन बदलायचं, कोळसा मात्र जसाच्या तसा उरायचा. एरवी या कामाला पॅलेडियम नावाचा महागडा धातू लागतो. ह्यांचं म्हणणं, धातू हवाच कशाला, नुसता कोळसा पुरे. नऊ वर्षं हेच चाललं होतं. पोरांची आजारपणं मी एकटीनं काढली. ह्यांना काही सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पंचाण्णव साली कंपनीत परदेशी भागीदार आला. नवा मॅनेजर आला अंकुर, पुण्याचा, एकोणतीस वर्षांचा. दर रविवारी आमच्याकडे जेवायला असायचा, आणि मी मेली त्याला आग्रहानं तूप वाढायची. त्यानं ह्यांना स्पष्ट सांगितलं, "काका, परदेशी साहेबांसमोर तुमचा कोळसा चालला तर तुमची लॅब राहील. नाहीतर टाळं."

साहेबांसाठी म्हणून कोळसा चिनी मातीच्या नव्या गिरणीत दळला. रसायन ढिम्म हललं नाही. अंकुरनं विचारलं, आधी कशात कुटत होता? हे कौतुकानं म्हणाले, घरच्या लोखंडी खलबत्त्यात. तो मीच दिला होता, माझ्या आईनं लग्नात दिलेला.

अंकुर समजला. त्यानं सगळ्यांसमोर ह्यांनाच जुना कोळसा ॲसिडमध्ये बुडवायला लावला, म्हणजे खलबत्त्यातून झिजून आलेलं लोखंड निघून जाईल. मग ह्यांनीच तो धुतला, सुकवला, रसायनात टाकला. काही झालं नाही. "काका, नऊ वर्षं तुमचा कोळसा नाही, काकूंचा खलबत्ता काम करत होता," अंकुर म्हणाला. सगळे हसले. हेही हसले, मला घरी येऊन स्वतःच सांगितलं. मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात ह्यांच्याकडून राजीनामा घेतला. लॅब राहिली, अंकुरसाठी.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. कोळशात लोखंड मोजून घातलं होतं, पण परिणाम टिकत नव्हता. टरफलं किती भाजायची, कधी झाकायची, हे ह्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"जाऊ नका," मी म्हणाले. "अडला हरी म्हणून आलाय तो."

"अगं, चालायला हवं ना ते."

शर्टाला इस्त्री करून गेले. गेटवर पाहुण्याचा पास घेतला आणि तीन दिवस उभं राहून सगळं शिकवलं. चौथ्या दिवशी कोळसा बरोब्बर चालला. बोलावणं बंद झालं.

पुढच्या वर्षी त्या शोधाचा कागद छापून आला. अंकुरनं एक प्रत पोस्टानं पाठवली होती. नावं दोन, त्याचं आणि साहेबाचं. हे चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत बसले.

"तुमचं नाव कुठाय?" मी विचारलं.

"लोखंडाचं मला कुठे कळलं होतं?"

"मूर्ख आहात तुम्ही," मी म्हणाले. पोरांच्या देखत म्हणाले. वाटलं, आता तरी चिडतील, कागद भिरकावतील.

"हो," म्हणाले, आणि पान उलटलं.