किसनअण्णांची मूस

जाहीर निवेदन! सर्व संबंधितांस कळविण्यात येते, की पडेगावात एका पत्र्याच्या पडवीखाली चांदीचे दागिने ओतण्याचा भव्य कारखाना होता. यंत्रसामग्री : हातात धरायची गॅसची बत्ती, चांदी वितळवायची एक मूस, एक चिमटा आणि काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस, पोपटाला चोच घासायला देतात तोच. मालक, कामगार व प्रमुख वक्ते : आमचे शेजारी किसनअण्णा. मालक आता हयात नाहीत, म्हणून निवेदन मी काढतो आहे.

समुद्रफेस मधोमध चिरायचा, दोन फाकांमध्ये जुनं जोडवं दाबून ठसा घ्यायचा, फाका तारेनं बांधायच्या आणि वरून चांदी ओतायची. कंपनीतून निवृत्त झाल्यावर अण्णा हे आपलं आपण शिकले. चांदी वितळेपर्यंत प्रवचन चाले.

"तापल्याबिगर चांदी वळत नाय, मास्तर."

मी मुद्दाम विचारी, "आणि माणूस?"

"माणूस बी चांदीच हाय!"

मी खूश होऊन मांडीवर थाप मारी.

हेच प्रवचन त्यांनी आपल्या एकुलत्या लेकीला, सुनंदाला ऐकवलं होतं. फर्दापूरला दिलेली ही पोर नवऱ्याकडून दोनदा निघून आली आणि दोन्ही वेळा अण्णांनी तिला परतीच्या एस.टी.त बसवलं. "संसार तापतोच, पोरी. मंग वळतो." दुसऱ्या खेपेला मीही स्टँडवर गेलो होतो. खोटं कशाला बोलू, ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

तिसऱ्यांदा ती आली, तेव्हा तिला न्यायला जावई पाठोपाठ हजर. तो बाजेवर बसून घड्याळ बघत होता. अण्णा माझ्या बायकोची जोडवी ओतत होते. मुशीतला चांदीचा गोळा आरशासारखा लखलखला, म्हणजे ओतायची वेळ झाली.

"सुनंदे, साचा सरकव हिकडं."

तिनं हात पुढं केला आणि बाही वर सरकली. मनगटाच्या वर दोन सरळ, काळपट डाग.

"कुकरची वाफ लागली," ती घाईनं म्हणाली.

भाजण्याच्या बाबतीत अण्णांना फसवणं अवघड. बत्ती, मूस, तार, सगळ्यांच्या खुणा त्यांच्या हातांवर होत्या. त्यांनी तिचा हात उजेडात धरला.

"वाफंनं फोड येतो, पसरट. चिमट्याच्या दांड्या हायत ह्या. तापवून लावलेल्या."

"चुकून लागलं असंल, मामा," जावई उठत म्हणाला. "चला, आमाला उशीर होतोय."

ओतायची वेळ टळली. चांदी मुशीतच थिजून मळकट झाली. अण्णांनी बत्ती विझवली, जावयाच्या मोटारसायकलीला अडकवलेली सुनंदाची पिशवी काढली आणि घरात नेऊन ठेवली.

"पाव्हणं, तुमी निघा. ती यायची नाय."

जावई तणतणत गेला. अण्णा लेकीकडे बघून म्हणाले, "मला आधी का नाय सांगितलंस गं?"

सुनंदानं बाही खाली ओढली. मी जमिनीकडे बघत होतो. दारात अण्णांच्या बायको, आमच्या काकू, उभ्या होत्या. 'चहा टाकू का' यापलीकडे मी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या एकदम ओरडल्या,

"तुमी ऐकता कवा? निस्तं चांदीचं सांगत बसता!"