वाया जाणारं वर्ष

चित्रकलेच्या क्लासात चित्रं पुरी होतात थोडी, किस्से मात्र रोज पुरे होतात. चित्र फसलं तर फाडून टाकता येतं. प्रसंग फसला तर तो जास्तच टिकतो! आमच्या वसमतच्या क्लासातले असे ढीगभर किस्से माझ्याकडं साचलेत, आणि बहुतेकांत घाबरणारी मीच आहे.

तेव्हा माझी बारावी नुकतीच झालेली. सर म्हणायचे, "डिग्रीची घाई नको. आधी एक वर्ष चित्रकलेचं फाउंडेशन कर, हात बसू दे." मला ते वर्ष हवंच होतं. पण कुरुंद्याला घरी अप्पांचं, म्हणजे वडलांचं, एकच पालुपद, "डिग्री न्हाई, काही न्हाई. नुसतं वर्ष वाया!"

* * *

सरांना मागून गुपचूप येऊन उभं राहायची सवय. एकदा मी जीव लावून माठ रंगवत होते. कानाशी आवाज आला, "हं."

मी अशी दचकले की रंगाच्या पाण्याचा मग थेट शेजारच्या प्रतिभाच्या चित्रावर! आठवडाभर खपली होती बिचारी. ती रडणार, तेवढ्यात सर वाकून म्हणाले, "आता कुठं आभाळ मोकळं झालं!" आणि तेच चित्र भिंतीवर लावलं.

तेव्हापासून प्रतिभाचं चित्र अडलं की ती म्हणायची, "ए, दचक ना गं जराशी!"

* * *

स्टिल लाइफला सरांनी काटेरी वांगी मांडली होती. तिसऱ्या दिवशी बघतो तर टेबल रिकामं! क्लास सरांच्याच घरी. आतून फोडणीचा वास.

आमचे चेहरे बघून काकू दारातूनच म्हणाल्या, "दोन दिवस बघूनच राहिले की तुमी! अजून किती बघता? वांगंच हाय ते!"

* * *

लँडस्केपला सिद्धेश्वर धरणावर गेलो होतो. काठाला होडीत एक मासेवाले काका बसलेले. प्रतिभानं विचारलं, "काका, तुमचं चित्र काढू का?"

"काढा की!" काकांनी मान ताठ केली.

आमचं उरकलं, डबे खाऊन झाले, गप्पा झाल्या. उन्हं कलली तरी काका तसेच ताठ! शेवटी ओठ न हलवता म्हणाले, "ताई, अजून किती राहिलं? मासे खराब होऊन राहिलेत!"

* * *

माझा चुलतभाऊ सुमेध नांदेडला डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा रिपीट करत होता. तेही दुसऱ्यांदा. जेवताना विषय निघाला तसे अप्पा कौतुकानं म्हणाले, "करू द्या रिपीट. हुशार पोरगं हाय."

भाकरी थापता थापता आई म्हणाली, "पोरगं थांबलं तर तयारी, अन् पोरगी थांबली तर वाया व्हय?"

अप्पांनी ताट पुढं सरकवलं. मग म्हणाले, "भाकर करपून राहिली बघ."

* * *

दुसऱ्याच दिवशी अप्पा सरांना तोंडावर 'न्हाई' सांगायला क्लासात आले. नेमके त्या दिवशी मॉडेल म्हणून पहिल्यांदाच बसणार असलेले नवे आजोबा आले नव्हते. सरांनी त्यांनाही आधी कधी बघितलेलं नव्हतं आणि अप्पांनाही.

"या, या! किती उशीर? बसा इथं. हलू नका."

अप्पा पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. "सर, मी काय म्हणतो..."

"बोलू नका! जबडा हलतो!"

मी बोर्डाच्या आड. खरं सांगायला माझंही तोंड उघडेना. सगळे काढत होते म्हणून मीही काढत राहिले. अप्पांनी तोंड उघडलं की सर ओरडायचे, "जबडा!"

वेळ संपली. सर म्हणाले, "हां, आता बोला."

अप्पा उठले. एकेकाचा बोर्ड बघत निघाले. प्रतिभाच्या चित्राला मान डोलावली. मग माझ्यापाशी आले. कागदावरच्या स्वतःच्या वांग्याएवढ्या नाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत कागदाकडं. हळूच आपल्या नाकाला हात लावून पाहिला.

मग सरांकडं वळून म्हणाले, "सर, हिला एक वर्ष पुरंल का?"