आबांना आलेली चक्कर

सोनवणे आबा गाडी तपासताना आधी चपला काढायचे. बॉनेटला हात नाही, पान्याला हात नाही. अनवाणी तळपाय केबिनच्या पत्र्यावर टेकवून बसायचे आणि म्हणायचे, "चालव." कानापेक्षा तळपायाला जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं. मनमाडला रेल्वेचं इंजिन शंटिंगला निघालं की इकडे नाशकात, सातपूरच्या गॅरेजात आबांच्या टाचेला मुंग्या येतात, असं मी तेव्हा लोकांना सांगत असे. थोडंफार वाढवत असेन, पण फार नाही.

आबा मूळचे सटाण्याकडचे. चाळीस वर्षं नाशकात काढली, तरी त्यांची अहिराणी हटली नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका नेत्र-रुग्णालयाच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. पेठच्या पलीकडच्या पाड्यांवरून मोतीबिंदूची म्हातारी माणसं आणायची आणि ऑपरेशन झालं की घरी सोडायची, हे माझं काम. ट्रक परदेशातून दान आलेला. चारही चाकांना जोर आणि गिअर आपोआप पडणारे. क्लचच नाही. नाशकातले झाडून सगळे ड्रायव्हर तो बघायला आले होते, आणि मी रुग्णालयाच्या फाटकाशी राजासारखा उभा होतो.

आठवड्याभरातच राजाचा चेहरा उतरला. चढासाठी चार चाकं जोडून लोमध्ये, म्हणजे हळू पण जास्त जोराच्या गिअरांत, टाकली की ट्रक वेड्यासारखा वागायचा. दहा पावलं जात नाही तोच पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर धडाधड बदलायचे. इंजिन बोंबलायचं आणि गाडी मात्र बैलगाडीच्या मागे. सातपूरच्या तीन गॅरेजवाल्यांनी निकाल दिला, की गिअरबॉक्स गेला, उघडावा लागेल. चौथे आबा.

आबांनी चपला काढल्या, पण या वेळी आत बसले नाहीत. मला लोमध्ये चालवायला सांगून अनवाणीच ट्रकच्या शेजारून चालत निघाले, वरातीत घोड्याशेजारून चालावं तसे. लिंबाच्या झाडापर्यंत बोटांवर गिअर मोजले आणि हात वर केला. गिअरबॉक्स उघडायला साफ नकार.

"लोमा पायऱ्या बुटक्या शेतस," ते म्हणाले. "म्हणून भराभर चढस. तिनं काय चुकनं?"

मग मला त्यांनी समजावलं. लोमध्ये प्रत्येक गिअर आखूड होतो, म्हणून तो लवकर संपतो आणि गाडी पुढचा घेते. तो बिघाड नव्हे, स्वभाव. चढाला तिचं तिला करू द्यावं. उताराला मात्र दांडी खाली ओढून एकवर अडकवून ठेवावी, म्हणजे इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. शेवटी म्हणाले, "गाडी हुशार शे भाऊ, पण तिले उतार दिसत नही."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कोणी नव्हता.

पुढच्याच फेरीला आबा सोबत आले. गाडीची परीक्षा घ्यायला का, असं मी विचारलं. "तुनी," ते म्हणाले. मागे अकरा म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या एका डोळ्यावर पट्टी. त्यांच्यासोबत मागेच बसलेल्या रुग्णालयाच्या सिस्टरांनी, त्यांना धक्का बसता कामा नये, असं निघताना तीनदा बजावलेलं. पाड्याकडे उतरणारा रस्ता कच्चा, मुरमाचा, एका बाजूला दरी. मी ऐटीत लो टाकला आणि दांडी 'डी'वरच, म्हणजे आपोआपवरच, ठेवली. आपोआप चालणाऱ्या गाडीला आपण काय शिकवायचं?

गाडीने पहिला सोडून दुसरा घेतला, दुसरा सोडून तिसरा. इंजिनाने हात काढून घेतला आणि सगळा भार ब्रेकवर आला. तिसऱ्या वळणाला जळका वास सुटला आणि पायाखालचं पेडल लोण्यासारखं मऊ झालं.

आबा ओरडले नाहीत. दांडीला हातही लावला नाही. "दाब अजून. हां. आते एकवर वढ," एवढंच, देवळात बोलावं तसं. मी ओढली. इंजिन गुरगुरलं आणि ट्रक कोणी शेपटी धरल्यासारखा मंदावला. जरा सपाटी आली तशी थांबलो. आबांनी उतरून चाकाला दगड लावला.

मागून सिस्टर आल्या. गाडी का थांबवली, हा वास कसला? माझी नोकरी तिथेच त्या मुरमात पडली होती. कोणी नुसती उचलून दरीत टाकायची बाकी होती.

"मीच थांबाडी," आबा म्हणाले. "म्हाताराले चक्कर उनी." आणि खरंच त्या दगडाशेजारी डोकं धरून बसले. सिस्टरांनी त्यांना पाणी पाजलं आणि नाडी पाहिली. तोवर ब्रेक गार झाले. उरलेला उतार मी एकवरच उतरलो, मुंगीच्या चालीने. खाली पाड्यात पोचलो तेव्हा एका म्हातारीने विचारलं, घाट कवा येल.

चाळीस वर्षं गाड्यांत काढलेल्या माणसाला घाटात चक्कर आली, ही गोष्ट सातपूरभर झाली. पोरंसोरं आबांना लिंबू-सरबत हवं का विचारायची. आबा हसायचे. मला पुढे कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मी त्या ट्रकवर आणखी नऊ वर्षं काढली, त्यावर माझं घर उभं राहिलं, आणि एकाही उतारावर दांडी 'डी'वर ठेवली नाही.

ते गेले तेव्हा दहाव्याला गोदावरीवर सगळे जमलो. सिस्टरांनी चक्करीची आठवण काढली आणि रडता रडता सगळे हसले. मग मी उभा राहिलो आणि त्या दिवशी काय झालं ते मीठमिरची न लावता सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

सिस्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आबांवर तुमचा जीव होता, कळतं. पण त्यांच्यासाठी एवढं खोटं नका हो बोलू."